दुधांतील पाणी आणि बाजारांतील माहिती



किंमत ही केवळ वस्तूचें मोल नसून ती एक बातमी आहे, असें खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते फार दिवसांपासून सांगत आले आहेत. आणि त्यांचें हें म्हणणें सहज झटकून टाकण्यासारखें नाहीं. फ्रीड्रिख हायेक या अर्थशास्त्रज्ञानें १९४५ सालीं आपल्या एका सुप्रसिद्ध निबंधांत कथलाचें उदाहरण दिलें आहे. जगाच्या एखाद्या कोपऱ्यांत कथील दुर्मिळ झालें, तर तें कां दुर्मिळ झालें हें तें वापरणाऱ्या कारखानदाराला कळण्याची गरज नसते. एखादी खाण बंद पडली, कीं कथलाचा नवा उपयोग निघाला, त्याच्याशीं त्याला काय करावयाचें? भाव चढला एवढें त्याला समजतें, तो कथील जपून वापरूं लागतो, आणि कोणीहि हुकूम न सोडतां साऱ्या जगाचा व्यवहार नव्या परिस्थितीशीं जुळतो. लक्षावधि माणसांच्या डोक्यांत विखुरलेलें ज्ञान अशा रीतीनें एका आंकड्यांत गोळा होतें. कोणत्याहि सरकारी कचेरीला हें काम साधणार नाहीं, असा हायेक यांचा दावा होता.

या दाव्याचा एक पडताळा आपल्याच देशाच्या किनाऱ्यावर पाहावयास मिळाला आहे. उत्तर केरळांतील कासरगोड, कण्णूर व कोळिकोड या जिल्ह्यांत तारलीची मासेमारी मोठी चालते. १९९७ सालापर्यंत होडी समुद्रांत असतां कोणत्या किनाऱ्यावर गिऱ्हाईक आहे हें जाणण्याचा कांहींहि मार्ग कोळ्याला नव्हता. तो बहुधा आपल्याच गांवच्या किनाऱ्याला लागे आणि तेथें माल उदंड झालेला असला तर मासळी पाण्यांत टाकून देई. १४ जानेवारी १९९७ रोजीं वडकरा येथें अकरा कोळ्यांनीं आपला माल असाच फेंकून दिला. त्याच सकाळीं पंधरा किलोमीटरच्या आंत मासळी न मिळाल्यामुळें खरेदीदार रित्या हातांनीं परत निघाले होते. त्यानंतर किनाऱ्यावर भ्रमणध्वनि आला. रॉबर्ट जेन्सन या संशोधकानें या किनाऱ्यावरील भावांचा काळजीपूर्वक मागोवा घेऊन २००७ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पूर्वीं रोजच्या मालापैकीं शेंकडा ५ ते ८ भाग वायां जात असे, तो जवळजवळ जावयाचा थांबला. कोळ्यांचा नफा शेंकडा ८ नें वाढला, आणि गिऱ्हाइकाला मासळी शेंकडा ४ नें स्वस्त पडूं लागली. दोघांचाहि लाभ झाला आणि तोटा कोणाचा झाला तर तो समुद्रांतल्या पक्ष्यांचा, असें म्हणावें लागेल! बाजारावर टीका करणाऱ्यांनीं हें उदाहरण विसरूं नये, म्हणून मीं तें मुद्दाम आधीं सांगितलें.

परंतु यांत एक गोष्ट लक्ष्यांत घेण्यासारखी आहे. तारली ताजी आहे कीं नाहीं हें विकणाऱ्याला जसें दिसतें, तसेंच घेणाऱ्यालाहि दिसतें. कल्ले उचलून पाहिले कीं झालें. दूरध्वनीनें जी उणीव भरून काढली ती 'कोठें' आणि 'किती' या प्रश्नांची. 'कसें' या प्रश्नाविषयीं तेथें वादच नव्हता. आतां मासळीच्या टोपलीऐवजीं दुधाची चरवी घ्या, म्हणजे सर्व चित्र पालटतें.

दुधांत पाणी आहे कीं नाहीं हें घालणाऱ्याला ठाऊक असतें. घेणाऱ्याला तें केवळ संशयानेंच ठाऊक असतें. आपल्यापैकीं कांहीं घरांतून लॅक्टोमीटर नांवाची कांचेची नळी असेल. ती दुधाचा जडपणा मोजते. दूध पाण्याहून किंचित् जड असतें, तेव्हां पाणी घातलें कीं दूध हलकें होतें आणि नळी खोल बुडते. पण साय दुधाहूनहि हलकी असते. ती काढून घेतली कीं उरलेलें दूध जड होतें. म्हणून ज्याला धंदा कळतो तो आधीं साय काढतो, मग बेतानें पाणी घालतो, आणि नळी अगदीं योग्य खुणेवर उभी राहते. दोन लबाड्या मिळून एक सचोटीचा आंकडा तयार होतो.

आतां समजा, निर्भेळ दुधाची किंमत आपल्या दृष्टीनें लिटरला ६० रुपये आहे आणि पाणी घातलेल्या दुधाची ४० रुपये. दोहोंतला भेद आपणांस ओळखतां येत नाहीं, आणि बाजारांत दोन्ही निम्मीं निम्मीं आहेत असें आपण ऐकून आहों. तर आपण किती द्याल? फार तर ५०. परंतु ज्याच्या गोठ्यांत निर्भेळ दूध निघतें, त्याला चारापेंड धरून ५५ रुपये खर्च येतो. तो ५० रुपयांना कशाला विकील? तो निमूटपणें बाजारांतून निघून जातो, किंवा तोहि हंड्याखालीं नळ सोडतो. मग मागें जें दूध उरतें तें सगळें ४० रुपयांच्या लायकीचें. येथें ६० रुपये द्यावयास तयार असलेलें गिऱ्हाईक आहे आणि ५५ रुपयांत माल देऊं शकणारा प्रामाणिक गवळीहि आहे. तरी त्यांची गांठ पडत नाहीं. भाव तर मोकळा आहे, सरकार आडवें आलेलें नाहीं, स्पर्धाहि भरपूर आहे. अशा स्थितींत बाजार नुसता बिघडतो असें नाहीं, तर चांगल्या मालापुरता तो नाहींसाच होतो.

हा विचार शास्त्रशुद्ध रीतीनें प्रथम मांडणारे गृहस्थ म्हणजे जॉर्ज ॲकरलॉफ. त्यांनीं उदाहरण घेतलें होतें तें अमेरिकेंतील जुन्या मोटारींचें. विकत घेतल्यावर जिचे दोष बाहेर पडतात अशा मोटारीला तिकडच्या बोलींत 'लिंबू' म्हणतात, आणि त्यावरूनच त्यांच्या निबंधाला नांव पडलें. तीन नियतकालिकांनीं परत केलेला हा निबंध अखेर १९७० सालीं छापला गेला, आणि २००१ सालीं ॲकरलॉफ, मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ या तिघांना मिळून अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. ॲकरलॉफ १९६७-६८ या वर्षीं दिल्लीला भारतीय सांख्यिकी संस्थेंत होते, आणि त्यांच्या निबंधांत आपल्या खेड्यांतल्या सावकाराचाहि उल्लेख आहे. सावकाराचें व्याज एवढें जबर कां असतें? स्वस्तांत कर्ज देऊं पाहणारा बाहेरचा मनुष्य त्याला हुसकून कां लावीत नाहीं? याचें उत्तर असें कीं, कोण फेडील आणि कोण बुडवील हें सावकाराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतें. परक्याला तें ठाऊक नसतें, आणि त्याच्या स्वस्त कर्जाकडे बुडविणारेच आधीं धांव घेतात. माहिती ही येथें भांडवलासारखीच एक मत्ता आहे, आणि ज्याच्या हातीं ती आहे तो तिचें भाडें वसूल करतो.

वाईट नाणें चांगल्या नाण्याला हुसकून लावतें, हा ग्रेशमचा नियम येथें कोणाला आठवेल. पण दोहोंत अंतर आहे. नाण्याच्या बाबतींत खोटेंखरें दोन्ही पक्षांना कळत असतें. दुधाच्या बाबतींत तें एकालाच कळतें, आणि सारा अनर्थ त्या 'एकालाच' या शब्दांत आहे.

मग यावर तोड नाहींच काय? आहे, आणि ती मुंबईकरांच्या पेल्यापर्यंत पूर्वींच येऊन पोंचली आहे. गेल्या शतकाच्या पांचव्या दशकांत गुजरातेंतील खेडा जिल्ह्याचें दूध आणंदहून पोलसन या कंपनीमार्फत मुंबईस येई. मुंबईंत दुधाला काय मिळतें, हें शेतकऱ्यांपेक्षां दलालाला चांगलें ठाऊक असे, आणि शेतकऱ्यांच्या पदरीं पडणारा भाव दलालाच्या शब्दावर ठरे. १९४६ सालीं तेथील शेतकऱ्यांनीं दूध घालणें बंद केलें आणि आपला सहकारी संघ स्थापिला. पुढें 'अमूल' या नांवानें घरोघर गेला तो हाच. या कथेंतला संपाचा भाग सर्वांना माहीत असतो. माझ्या मतें तितकाच महत्त्वाचा, पण नीरस म्हणून कोणी न सांगितलेला भाग निराळा आहे. तो म्हणजे स्निग्धांश मोजण्याचा. गांवच्या संस्थेंत सकाळ-संध्याकाळ दूध आलें कीं त्याचा नमुना घ्यावयाचा, त्यांत तीव्र गंधकाम्ल मिसळावयाचें, नळी यंत्रांत गरगर फिरवावयाची, आणि वर तरंगून आलेल्या स्निग्धाची रेषा वाचावयाची. भाव त्या रेषेवर. पाणी घातलें तर स्निग्धांश उतरतो, साय काढली तरी उतरतो. लबाडी करण्याचें कारणच उरत नाहीं, आणि ज्याच्या म्हशीचें दूध घट्ट त्याला घट्ट दुधाचे पैसे मिळतात. येथें कोणी कोणास उपदेश केला नाहीं. जें एकालाच कळत होतें तें दोघांना कळूं लागलें, आणि नाहींसा होऊं पाहणारा बाजार उभा राहिला.

येथेंच खुल्या बाजाराच्या तत्त्वज्ञानाला खरा धक्का बसतो. तपासणी, मापें, परवाने, हिशेब उघड करण्याची सक्ति या सर्व गोष्टी बाजाराच्या वाटेंतले धोंडे आहेत, असें हें तत्त्वज्ञान मानीत आलें. ती गंधकाम्लाची नळी मात्र वाटेंतला धोंडा नसून खुद्द वाटच आहे. ब्रूस ग्रीनवाल्ड व स्टिग्लिट्झ यांनीं १९८६ सालीं गणितानें दाखवून दिलें कीं, माहिती अपुरी असतां केवळ स्पर्धेनें घडून येणारी व्यवस्था सामान्यतः उत्तम असत नाहीं. तीच अपुरी माहिती गृहीत धरूनहि तिच्यांत सर्वांच्या हिताची सुधारणा करण्यास वाव उरतो. आणि माहिती अपुरी नाहीं असा बाजार जगांत कोठें आहे?

यावर विरोधी पक्षाचें एक उत्तर आहे आणि तें दुबळें नाहीं. ते म्हणतात, तपासणीस सरकारी माणूस कशाला हवा? व्यापाऱ्याचें नांव हीच त्याची हमी. ज्यानें वर्षानुवर्षें नांव कमावलें, तो चार पैशांच्या पाण्यासाठीं तें बुडवील काय? गल्लींतल्या दुकानदाराविषयीं हें बरेंच खरें असतें. प्रश्न आहे तो माल सात समुद्र ओलांडूं लागला म्हणजे त्या नांवाचें काय होतें हा.

२००८ सालच्या सप्टेंबर महिन्यांतला एकच आठवडा घेऊं. ११ सप्टेंबर रोजीं चीनमधील सानलू या बड्या कंपनीनें आपली बालकांची दूधपावडर बाजारांतून परत मागविली. ही कंपनी हजारों लहान शेतकऱ्यांचें दूध मधल्या संकलन-केंद्रांतून घेत असे. त्यांत वाटेंत पाणी मिसळलें जाई. पाण्यानें प्रथिनें कमी भरतात, आणि प्रथिनें मोजण्याची रूढ पद्धति त्यांतील नायट्रोजन मोजण्याची. म्हणून कोणा हुषार माणसानें दुधांत मेलामाइन घालण्याची युक्ति काढली. ज्याच्या न फुटणाऱ्या बशा आपण वापरतों तेंच हें द्रव्य. त्याच्या वजनाचा सुमारें दोन-तृतीयांश भाग नायट्रोजनच असतो. यंत्रानें प्रथिनें भरपूर असल्याचा निर्वाळा दिला. लॅक्टोमीटरच्या त्या जुन्या लबाडीचाच हा नवा अवतार. फरक इतकाच कीं येथें बालकांच्या मूत्रपिंडांत खडे झाले. सरकारी आंकड्यांप्रमाणें सुमारें २,९४,००० मुलें आजारी पडलीं आणि ६ दगावलीं.

नांवाच्या हमीचें काय झालें तें पाहा. सानलूचें नांव मोठें होतें. त्या नांवाकडे पाहून सरकारनें तिचा माल तपासणींतून मुक्त केला होता. असें माफीपत्र मिळणें हा त्या देशांत मान समजला जाई. या कंपनीचा शेंकडा ४३ भाग न्यूझीलंडच्या फॉन्टेरा या दूधसंघाच्या मालकीचा होता. म्हणजे प्रगत देशाचें नांवहि पाठीशीं होतें. फॉन्टेराच्या लोकांना ऑगस्टच्या आरंभीं हा प्रकार कळला. परंतु सप्टेंबरांत न्यूझीलंडच्या सरकारनें बीजिंगला कळवीपर्यंत आयांच्या हातांतले डबे तसेच राहिले. जो सर्वांत शेवटीं जाणतो तोच सर्वांत आधीं भोगतो.

आणि त्याच आठवड्यांत, १५ सप्टेंबर रोजीं, न्यूयॉर्क येथील लेहमन ब्रदर्स या पेढीनें दिवाळें काढलें. ही दुसरी कथा पहिलीहून वेगळी दिसते, पण ती तीच आहे. अमेरिकेंत घरांसाठीं कर्जें दिलीं जात होतीं, तीं फेडण्याची ऐपत नसलेल्यांनाहि दिलीं जाऊं लागलीं. कर्ज देणारा तें आपल्यापाशीं ठेवीत नसे, विकून टाकी. मग ऋणको कसा आहे याची चौकशी करण्याची तसदी त्यानें कां घ्यावी? अशीं हजारों कर्जें एका मोठ्या हंड्यांत ओतलीं गेलीं, ढवळलीं गेलीं, आणि त्यांचे वाडगे भरून जगभर विकले गेले. वाडग्यावर पतमापन संस्थांची सर्वोच्च मोहोर होती. मात्र मोहोर मारण्याचे पैसे त्या संस्थांना वाडगे विकणाराच देत असे. गवळ्याच्या पगारावर दुधाचा तपासनीस नेमावा, त्यांतला हा प्रकार. मध्यम कारखानदारांना कर्ज पुरविणें हा जिचा मूळ धंदा, ती ड्युसेलडॉर्फची आय. के. बी. ही जर्मन बँक असल्या व्यवहारांतच अडकली आणि २००७ सालच्या उन्हाळ्यांत तिला वांचवावें लागलें. फ्लॉरिडांतल्या ऋणकोचें घर तिच्या अधिकाऱ्यांनीं कधीं पाहिलें असणार? मोहोर पाहिली, तेवढेंच.

अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अठरा वर्षें प्रमुख असलेले ॲलन ग्रीनस्पॅन हे खुल्या बाजाराचे कट्टे अभिमानी. २३ ऑक्टोबर २००८ रोजीं विधिमंडळाच्या समितीपुढें त्यांनीं कबूल केलें कीं, पेढ्या आपल्या स्वार्थासाठीं तरी आपलें भांडवल जपतील असा आपला भरंवसा होता, तो खोटा ठरल्यानें आपण हादरून गेलों आहों. स्वार्थ जागा असतो हें खरेंच आहे. पण त्याला दिसेल तेवढेंच तो जपतो.

येथें सरकारभक्तांनींहि फार आनंदून जाऊं नये. सानलूला तपासणींतून माफी दिली ती सरकारनेंच. ती पद्धति त्याच महिन्यांत रद्द करावी लागली. सरकारचा डोळा म्हणजे सर्वसाक्षी परमेश्वराचा डोळा नव्हे. त्यालाहि व्यापाऱ्यापेक्षां कमीच दिसतें, आणि कधीं कधीं पाहण्याची इच्छाहि नसते. म्हणून 'बाजार कीं सरकार' हा आपल्या सभासंमेलनांतला आवडता वाद मला निष्फळ वाटतो. आणंदची नळी सरकारनें धरलेली नव्हती आणि दलालानेंहि नव्हती. दूध घालणाऱ्यांच्याच संस्थेनें ती धरली होती. नळी कोणाच्या हातांत आहे आणि तिचा आंकडा कोणाला वाचतां येतो, हा खरा वाद.

सानलूच्या प्रकरणानंतर चीनमधील १०९ कंपन्यांची बालदूधपावडर तपासली गेली. २२ कंपन्यांच्या मालांत मेलामाइन सांपडलें. म्हणजे ८७ कंपन्या निर्दोष ठरल्या. पण आयांचा विश्वास त्यांच्यावरहि राहिला नाहीं. लोक हॉंगकॉंगला जाऊन परदेशी डबे आणूं लागले, आणि तेथील दुकानें इतकीं रिकामीं झालीं कीं १ मार्च २०१३ पासून हॉंगकॉंगच्या सरकारनें शहर सोडणाऱ्या प्रत्येक प्रौढावर १.८ किलोंची, म्हणजे दोन डब्यांची, मर्यादा घातली. मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद. जगांतल्या अत्यंत मोकळ्या समजल्या जाणाऱ्या बंदरांत बाळाच्या दुधावर बंदोबस्त बसला. भारतानें तर सप्टेंबर २००८ मध्येंच चिनी दुग्धपदार्थांची आयात बंद केली होती. आपल्या उदाहरणांतला निर्भेळ दुधाचा गवळी आपणांस येथें पुन्हां भेटतो: त्यानें कांहींहि केलेलें नसतें, आणि तरी त्याचा माल कोणी घेत नाहीं.

आपल्या महाराष्ट्रानेंहि या गवळ्याची जागा एकदां घेतली आहे. आपल्या राज्यांतून, विशेषतः नाशिक जिल्ह्यांतून, द्राक्षें युरोपला जातात. तेथें कीटकनाशकांच्या अंशाविषयीं नियम कडक. म्हणून २००६ सालापासून 'ग्रेपनेट' नांवाची व्यवस्था सुरू झाली. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद होते, ठरलेल्या द्रव्यांच्या यादीप्रमाणें प्रयोगशाळेंत तपासणी होते, आणि माल कोणत्या बागेंतला आहे हें खोक्यावरून ओळखतां येतें. व्यवस्था चांगली होती. परंतु २०१० सालीं युरोपांतील तपासणींत आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट नांवाचें वेलीची वाढ आवरणारें द्रव्य मर्यादेहून अधिक सांपडलें. आपल्याकडे तपासावयाच्या यादींत तें नव्हतेंच. बागाईतदारानें लबाडी केली नव्हती. त्याच्या खोक्यांना आपल्या प्रयोगशाळेचा दाखला होता. तरीहि माल परक्या बंदरांत अडकला, भाव कोसळले, आणि ज्यांनीं तें द्रव्य वापरलें नव्हतें त्यांच्या द्राक्षांकडेहि गिऱ्हाईक संशयानें पाहूं लागलें. नंतर तें द्रव्य यादींत आलें. नुकसान मात्र ज्यांचें व्हावयाचें त्यांचें होऊन गेलें.

या व्यवस्थेंत माहिती कोणत्या दिशेनें वाहते तेंहि पाहण्यासारखें आहे. रॉटरडॅमच्या व्यापाऱ्याला खोक्यावरील क्रमांकावरून निफाड तालुक्यांतली बाग शोधतां येते. उलट, त्याच खोक्याला रॉटरडॅमांत काय भाव आला हें निफाडच्या बागाईतदाराला त्या क्रमांकावरून कळत नाहीं. त्यासाठीं ती व्यवस्था केलेलीच नव्हती. तो भाव त्याला निर्यातदार सांगेल तेव्हां, आणि सांगेल तितकाच, समजतो.